शाळेच्या फाटकापासून दोनशे पावलं

दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला पुण्यातल्या दोन सत्रांच्या कुठल्याही शाळेसमोर जाऊन उभं राहावं. सदाशिव पेठेत राहा, कोथरूडला राहा, सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत राहा, दृश्य एकच. सकाळचं सत्र सुटत असतं आणि दुपारचं भरत असतं. आत जाणारी आणि बाहेर पडणारी मुलं एकाच फाटकाशी, एकाच पंधरा-वीस मिनिटांत एकमेकांना भिडतात. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दुचाक्या तिरक्या लावलेल्या असतात, निम्म्यांची इंजिनं चालूच. त्यांच्यापुढे रिक्षा, रिक्षांपुढे व्हॅन, आणि उरलेल्या पट्ट्यातून चारचाकी पुढे काढायला बघणारा एखादा पालक हॉर्न वाजवत असतो. शिपाईमामा शिट्टी वाजवून वाजवून दमलेले असतात. रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे कधीतरी मारले होते, पण आता फक्त ठाऊक असलेल्यालाच ते दिसतात. आणि या सगळ्याच्या खालच्या थरातून, म्हणजे हँडलच्या आणि आरशांच्या खालून, मुलं वाट काढत असतात.

त्या खालच्या थराबद्दल मला सांगायचं आहे, कारण तिथे काय असतं ते मला एका जुलैमध्ये कळलं.

एरवी मी मुलीला स्कूटरवर सोडायचे. त्या दिवशी पाऊस फार होता म्हणून गाडी काढली. तिला अगदी फाटकाशी उतरवलं, छत्री उघडून दिली, ती आत गेलेली पाहिली आणि गाडी मागे घेऊ लागले. मागची काच धूसर झाली होती. दोन्ही आरशांत पाहिलं होतं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. मागच्या चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं. उतरून पाहिलं तर निळी वॉटरबॅग होती, चपटी झालेली, पट्टा अजून चाकाखाली अडकलेला. ती जिची होती ती मुलगी जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभी होती. पहिलीतली असेल. तिच्या आजींनी तिला दफ्तराच्या पट्ट्याला धरून मागे खेचलं होतं आणि तो पट्टा त्यांच्या मुठीत तसाच होता. मी काहीबाही बोलत होते, बाटलीचे पैसे देऊ पाहत होते. आजी काही बोलल्या नाहीत. नुसता हात हलवला आणि नातीला घेऊन आत गेल्या.

मी बघत होते, तरी ती मला दिसली नव्हती. पहिलीतलं मूल साडेतीन-पावणेचार फुटांचं. गाडीच्या मागच्या काचेची खालची कडच त्याच्या डोक्याच्या आसपास येते. हल्ली उंच बॉनेटच्या गाड्या घेण्याकडे कल आहे, त्यांच्यापुढून तर असं मूल पूर्ण नाहीसं होतं. रस्त्यावरची वाहनं कुठून किती वेगानं येत आहेत याचा अंदाज नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांसारखा येत नाही. चेंडू सुटला, मैत्रीण दिसली, आईने पलीकडून हाक मारली की ते धावतं. मूल असंच असतं आणि असंच असायला हवं. म्हणून ‘मुलांना रस्ता नीट ओलांडायला शिकवा’ एवढ्यावर जे बोलणं थांबतं ते मला पुरेसं वाटत नाही. शिकवायला तर हवंच. आमच्या शाळांत आरएसपीची, म्हणजे रस्ता सुरक्षा पथकाची, मुलं गणवेशात उभी राहतात, त्यांचं मला कौतुक आहे. पण मोठ्यांनी तयार केलेला धोका सहा वर्षांच्या मुलानं शहाणपणानं टाळावा ही अपेक्षा आपण कशी करतो?

आणि तो धोका तयार करतो कोण? शाळेच्या गल्लीत सव्वाबाराला कुठलाही ट्रक आलेला नसतो. तिथे असतो तो फक्त आपण, पालक. दुसऱ्यांच्या गाड्यांची भीती वाटते म्हणून आपण आपलं मूल गाडीतून नेतो, अगदी फाटकाला टेकवतो, आणि तेवढ्यानं इतरांच्या मुलांसाठी ती भीती आणखी वाढवून ठेवतो. प्रत्येकाचा हेतू प्रेमाचाच असतो. पण हजार मुलांच्या शाळेत शंभर जणांनी चारचाकी आणली, तर त्या गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावरच रांग चारशे मीटरच्या पुढे जाते. शाळेची गल्ली मुळात तेवढी लांब नसते. मग त्या दोन रांगांत, तीन रांगांत उभ्या राहतात, पदपथावर चढतात आणि मुलांना रस्त्याच्या मधोमध उतरवतात.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, प्रत्येक वेळी साधारण पाऊण तास, फाटकाच्या दोन्ही बाजूंची दोनशे पावलं वाहनांसाठी बंद ठेवावीत. नुसती ‘नो पार्किंग’ची पाटी लावून भागणार नाही. गल्लीच्या तोंडाला बॅरिकेड लावून वाहनांना आत सोडायचंच नाही. माझ्यासकट सगळ्यांनी गाडी बाहेर लावून उरलेलं अंतर चालत जायचं. पोलीस वाढवणं, गतिरोधक घालणं, जनजागृती सप्ताह पाळणं हे सगळं करावं, पण या एका गोष्टीवाचून त्यातलं काही टिकत नाही, असं मला इतक्या वर्षांच्या फाटकाजवळच्या उभं राहण्यातून वाटतं. वॉर्डन आला की गाड्या वीस फूट पुढे सरकतात आणि तो गेला की परत येतात.

हे बोलले की पहिलं उत्तर येतं, ‘पुण्यात रस्ता बंद? शक्यच नाही.’

या उत्तराचं मला मनापासून नवल वाटतं, कारण ठरवून रस्ते बंद करायची सवय या शहराइतकी क्वचितच कुठल्या शहराला असेल. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येतात तेव्हा आपण अख्खे रस्ते मोकळे करतो आणि कोणी तक्रार करत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळी पेठांतले रस्ते माणसांसाठी सोडले जातात. विसर्जनाची मिरवणूक तर चोवीस तासांच्या पुढे चालते आणि तेवढा वेळ शहराचा मध्यभाग वाहनांना बंद असतो. डिसेंबर २०२१ पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते, त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा गजबजलेला टप्पा वाहनांना बंद असतो आणि लोक मुलाबाळांना घेऊन भर रस्त्यातून चालतात. पादचाऱ्यांसाठीचं धोरण महापालिकेनं त्याच्याही आधी, २०१६ मध्ये केलं होतं. कायद्यातही सोय आहे. वाहतूक शाखेचे उपायुक्त असे बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ आणि ११६ वापरतात, वर्तमानपत्रात ते आदेश आपण नेहमी वाचतो. उत्सवासाठी जे कलम चालतं ते शाळेसाठी का चालू नये? मुलं वर्षातले दोनशेहून जास्त दिवस त्या रस्त्यावर असतात.

बाहेर हे होऊन बरीच वर्षं झाली. इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८९ पासून शाळेच्या वेळेला समोरचा रस्ता थोडा वेळ बंद ठेवतात. लंडनमध्ये आज पाचशेहून अधिक शाळांसमोर अशी व्यवस्था आहे. मला त्याहून जवळचं वाटतं ते नेदरलँड्सचं उदाहरण. आज तिथली मुलं सायकलवर शाळेत जाताना पाहिली की आपण म्हणतो, त्यांचं काय, ते लोकच शिस्तीचे. पण १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली होती आणि त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आयाबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच त्यांनी ठेवलं ‘मुलांच्या हत्या थांबवा’. अपघात हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. शिस्त त्यानंतर आली, रस्ते बदलल्यावर. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यात अठरा वर्षांखालची मुलं साडेनऊ हजारांच्या आसपास, म्हणजे रोज पंचवीसच्या वर. एका तुकडीचा अर्धा वर्ग रोज. यातली सगळी शाळेच्या फाटकाशी गेलेली नाहीत हे खरं. पण मुलं एका जागी, एका वेळी, ठरलेल्या मिनिटाला शेकड्यांनी रस्त्यावर येतात अशी जागा फाटकाइतकी दुसरी नाही. जिथे धोक्याची जागा आणि वेळ दोन्ही आधीपासून माहीत आहेत तिथेही आपण काही करणार नसू, तर मग कुठे करणार?

वेगाचंही थोडं सांगते. ताशी तीसच्या वेगानं जाणारं वाहन एका सेकंदात सत्तावीस फूट जातं, पन्नासच्या वेगानं पंचेचाळीस. मूल मध्ये आलेलं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चालवणाऱ्याचा साधारण तेवढा एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच अठरा फुटांचा फरक पडलेला असतो. शाळा मोठ्या रस्त्यावर असेल आणि तो बंद करणं खरंच अवघड असेल, तिथे निदान वेग तीसच्या खाली येईल असा रस्ता बांधला पाहिजे. ओलांडण्याची जागा उंच करून, रस्ता तिथे अरुंद करून. नुसत्या पाटीनं वेग उतरत नाही. मुंबईत भायखळ्याला शाळेसमोर रंग, शंकू आणि खांब वापरून असा प्रयोग झाला आहे. त्याला ना मोठा निधी लागला ना उड्डाणपूल.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी मान्य करते. ‘चालायचं कुठून? पदपथ आहे कुठे?’ पदपथावर टपरी, फ्यूज बॉक्स, अर्धवट उघडं चेंबर, लावलेल्या दुचाक्या. पावसाळ्यात दफ्तर सांभाळत तिथून चालणं मोठ्यांनाही अवघड. पण म्हणूनच वाहनं बाहेर ठेवायची. गल्लीत वाहन नसेल तर अख्खा रस्ताच पदपथ होतो. दोनशे पावलं म्हणजे मुलाच्या चालीनंही तीन-चार मिनिटं. ज्याला चालता येत नाही अशा मुलाची गाडी, रुग्णवाहिका, गल्लीत राहणारे लोक, यांना आत सोडावंच लागेल, चालण्याच्या वेगानं. नोकरीवर पोचायची घाई असणाऱ्या आईबापांचं काय, असंही विचारतात. मीही नोकरी करते. आत्ता त्या गल्लीत घुसून, मुलाला सोडून, वळवून बाहेर पडायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात माणूस दोनदा चालून येईल.

या वादात एका गटाचा आवाज कधीच नसतो. जी मुलं आधीपासून चालतच येतात त्यांचा. वस्तीतली, जवळच्या चाळीतली, वॉचमन, घरकामवाल्या मावशी, भाजीवाले यांची मुलं. त्यांच्यामुळे गर्दी होत नाही, धूर होत नाही, हॉर्न वाजत नाही. आणि धोक्याचा सगळ्यात मोठा वाटा त्यांच्याच वाट्याला येतो, कारण त्यांच्याभोवती पत्रा नसतो. माझ्या चाकाखाली ज्या मुलीची बाटली आली तीही चालतच आली होती. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं म्हटलं, त्यामागे मूल चालत जाईल हीच कल्पना आहे. ती एक किलोमीटरची वाट चालण्याजोगी ठेवायची जबाबदारी मात्र कोणाच्याच खात्यात नाही. शिक्षण विभाग म्हणतो रस्ता आमचा नाही, महापालिकेचा पथ विभाग म्हणतो वाहतूक पोलिसांची, पोलीस म्हणतात शाळेनं माणूस नेमावा.

रिक्षाकाका आणि व्हॅनकाकांबद्दलही बोलायला हवं, कारण कारवाई व्हायची म्हटलं की पहिला हात त्यांच्यावर पडतो. मुलं कोंबून नेणारे आहेत, दाराशी लटकलेली दफ्तरं मीही पाहिली आहेत, आणि ते थांबलंच पाहिजे. पण एक व्हॅन आठ-दहा मुलं आणते, म्हणजे आठ-दहा गाड्या फाटकापासून दूर ठेवते. आमच्याकडचे काका गेली कित्येक वर्षं मुलांना उतरवून, हाताला धरून, रांगेत आत पोचवतात. एकदा मला म्हणाले, ‘ताई, आम्हाला जागा आखून द्या फक्त. आम्ही तिथेच थांबू. पण तिथे रोज कोणाची तरी कार उभी असते.’ २०११ च्या शालेय बसविषयक नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती सक्तीची केली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि त्यात पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, मोटार वाहन निरीक्षक. या सगळ्यांना एका टेबलाशी आणणारी दुसरी जागा सरकारी यंत्रणेत मला तरी दिसत नाही. आपल्या मुलाच्या शाळेतल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे प्रत्येकानं एकदा विचारून पाहावं. मी विचारलं तेव्हा अशी समिती आहे हे शोधायलाच कार्यालयात दोन दिवस लागले. शाळेचं नाव घेत नाही, कारण मला खात्री आहे की हे एका शाळेचं दुखणं नाही.

शाळांनाही करता येण्यासारखं पुष्कळ आहे. दोन्ही सत्रांच्या मध्ये वीस मिनिटांचं अंतर ठेवलं तरी निम्मा गोंधळ संपेल. लहान वर्ग आधी, मोठे नंतर सोडता येतात. मागचं फाटक असेल तर उघडता येतं. सुटल्यावर मुलांना मैदानात थांबवून वर्गवार बाहेर पाठवता येतं. शाळेची जबाबदारी उंबऱ्यापाशी संपते हे मानणं सोडलं पाहिजे.

वेळेचा विषय निघाला म्हणून सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा मांडला होता, आणि तो योग्यच होता. साखरझोपेतून उठवून सातच्या शाळेला ओढून नेणं कोणत्या आईला आवडतं? पण सकाळी पावणेसातचा रस्ता आणि पावणेनऊचा रस्ता यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शहरातली सगळ्यात लहान मुलं आपण रिकाम्या रस्त्यावरून उचलून कार्यालयांच्या ऐन गर्दीत आणून ठेवली. बसवाल्यांनी तेव्हा हरकत घेतली की एकाच गाडीच्या दोन फेऱ्या आता जमणार नाहीत, आणि ती हरकत फक्त त्यांच्या धंद्याची म्हणून बाजूला पडली. फेऱ्या जमल्या नाहीत की पालक स्वतःची गाडी काढतात. झोपेचा निर्णय घेताना रस्त्याचाही निर्णय सोबत घ्यायला हवा होता. तो अजूनही घेता येईल.

आणि आपण पालकांनी आपल्या हातात जे आहे ते तरी करावं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या मुलालाही दुचाकीवर हेल्मेट लागतं. २०२३ पासून त्याहून लहानग्यांनाही, आणि त्यांना चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टाही लागतो. मुलीला घेऊन स्कूटरवर बसताना माझ्या डोक्यावर हेल्मेट आणि तिच्या डोक्यावर नुसती वेणी, असं मीही दोन वर्षं केलं आहे. ‘शाळा इथेच तर आहे’ म्हणून. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले आणि गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असं समोर आलं तेव्हा सगळं शहर पेटून उठलं, ते बरोबरच होतं. पण नववी-दहावीतल्या मुलाच्या हाती क्लासला जायला स्कूटरची किल्ली देणारी घरं आपल्या प्रत्येक सोसायटीत आहेत. अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड कायद्यात लिहिलेला आहे. शाळा सुटल्यावर कोपऱ्यावर किक मारणारी ती मुलंही शेवटी मुलंच आहेत, आणि त्यांच्या समोरून पहिली-दुसरीची मुलं चाललेली असतात.

आमच्या सोसायटीतून आम्ही गेल्या वर्षी पाच मुलांना एकत्र चालत न्यायला सुरुवात केली. सोमवारी एक आई, मंगळवारी दुसरी, गुरुवारी एक निवृत्त आजोबा. पावसात दोन आठवडे बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. आता अकरा मुलं आहेत. अर्ध्या वाटेपर्यंत ती गप्पा मारत मजेत चालतात. शाळेची गल्ली आली की आजोबा थांबतात आणि सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावतात. सबंध वाटेत हात धरावे लागतात ते तिथेच, शाळेच्या दारात.

त्या गल्लीसाठी आम्ही अर्ज लिहिला आहे. सकाळी साडेआठ ते सव्वानऊ, दुपारी बारा ते पाऊण, संध्याकाळी सव्वापाच ते सहा, आधी फक्त एक महिना करून बघा, एवढंच मागणं. परिवहन समितीची सही झाली की तो वाहतूक शाखेकडे आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे जाईल. बॅरिकेड कुठून आणायची असा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा कोपऱ्यावरच्या गणेश मंडळाचा एक कार्यकर्ता म्हणाला, आमच्याकडे चार पडून आहेत, वर्षातून बारा दिवसच लागतात, उरलेले दिवस घेऊन जा.